ब्रेकवाले बिराजदार

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत कुणाच्या गाडीचा ब्रेक जरासा कुरकुरला, की लोक गॅरेजला जायच्या आधी बी विंगच्या चौथ्या मजल्यावरची बेल दाबायचे. तिथे गणराज बिराजदार राहायचा. चाकणच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीच्या खात्यात, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्याला 'ब्रेकवाले बिराजदार' म्हणत, आणि हे नाव आपल्याला आवडतं हे त्याने कधी लपवलं नाही. जेवता जेवता बेल वाजली तरी तो हात धुऊन खाली जायचा. दीपमाला, त्याची बायको, ताटावर झाकण ठेवायची आणि म्हणायची, "जा, तुमची ओपीडी सुरू झाली."

त्याला असं खाली जाणं का आवडायचं, हे तिला ठाऊक होतं. औशाजवळच्या खेड्यातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन तो भोसरीला आला, तेव्हा पाच जणांत एक खोली होती. तिघं झोपायचे तेव्हा दोघं शिफ्टला, म्हणून सगळे मावायचे. पुढे आकुर्डीला भाड्याचं घर झालं, मग पुनावळ्यात स्वतःचा फ्लॅट. पण गावाकडे त्याच्या वडिलांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. इथे चांगले आयटीतले लोक पार्किंगमध्ये उभे राहून त्याला विचारायचे, "बिराजदार सर, काय असेल हो?" त्या 'सर'ची चव त्याच्या जिभेवर दिवसभर राहायची.

त्याची स्वतःची गाडी मात्र जुनी होती. चौदा वर्षांची, रुपेरी रंगाची, एका सुपरवायझरकडून घेतलेली. गेल्या दिवाळीत सासूसासऱ्यांना घेऊन लोणावळ्याहून खंडाळ्याचा घाट उतरताना तिचे ब्रेक तापले आणि पेडल दाबूनही गाडी म्हणावी तशी थांबेना. दीपमाला दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती. घरी आल्यावर मुलगी दिव्या म्हणाली, "बाबा, गाडी बदला." गणराज म्हणाला, "गाडी कशाला? ब्रेक बदलतो. माझ्याकडे कमी आहे का अक्कल?"

त्याने मनावर घेतलं. त्याच गाडीचं मोठ्या इंजिनाचं एक मॉडेल होतं, त्याला पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर असायचे. कॅलिपर म्हणजे फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरून थांबवणारा लोखंडी जबडा. अपघातात मोडीत निघालेल्या एका नव्या गाडीची अशा कॅलिपरची जोडी, डिस्कसकट, त्याला चिखलीच्या भंगारवाल्याकडे मिळाली. घरी आणून त्याने ती रॉकेलने पुसली, तर मळाखालून दोन रंगांचे ठिपके निघाले. एकावर हिरवा, दुसऱ्यावर पिवळा. परक्या शहरात गाववाला भेटावा तसा आनंद त्याला झाला. त्याच्या कंपनीत हिरवा म्हणजे डावा, पिवळा म्हणजे उजवा. एकोणीस वर्षं तो हेच बघत आला होता. लाइनवरून समोर आलेल्या प्रत्येक नगावर ठिपका आहे का, बरोबर रंगाचा आहे का, मग शिक्का.

"बघ दिव्या," तो म्हणाला, "आमच्या जगाची भाषा सगळीकडे एकच."

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी पहाटे उठून त्याने पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, जुन्या डिस्क आणि कॅलिपर उतरवून मोठे बसवले. हिरवा डावीकडे, पिवळा उजवीकडे. येणारेजाणारे थांबून बघत होते. चेअरमन निरंजन ऑफिसच्या कॉलवर बोलता बोलता अंगठा दाखवून गेले. उरलं होतं ते फक्त हवा काढायचं काम. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं, आणि त्या तेलात थोडी जरी हवा राहिली, तर पाय दाबल्यावर ती हवाच दबते, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात आणि चिकाटी लागते. गणराज दमला होता. कशीबशी हँडब्रेकच्या भरवशावर त्याने गाडी गेटसमोरच्या बबनरावांच्या गॅरेजवर नेली.

बबनराव साठी ओलांडलेले, मूळ पुनावळ्याचे. सोसायटीचे चार टॉवर जिथे उभे होते, तिथे त्यांचं वडिलोपार्जित उसाचं रान होतं. "ए विंग हाय ना, तिथं आमची विहीर व्हती," असं ते नव्या माणसाला सहज सांगायचे, तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. भावांनी आलेल्या पैशाचे बंगले बांधले. बबनरावांच्या वाट्याला सर्व्हिस रोडलगतचा एक तुकडा राहिला, त्यावर पत्र्याची शेड टाकून ते गॅरेज चालवायचे. सोसायटीतल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या दोन्ही व्हॅन त्यांच्याकडे असायच्या. सकाळी कुणाची बॅटरी बसली, तर आत येऊन गाडी चालू करून देणारेही तेच.

त्यांनी एकदा हवा काढली. पेडल मऊच. दुसऱ्यांदा काढली. पेडल पुन्हा जमिनीला.

"साहेब," बबनराव म्हणाले, "पेडल बसतंय. एकदा चाक काढून बघू द्या की मला."

"चाकाला हात लावायचा नाही. ती फिटिंग माझी आहे. तुम्ही फक्त हवा काढा."

"हवा काढायची, तर ती बसलीय कुठं ते नगं बघाय?"

"बबनराव, मी रोज अकराशे कॅलिपर बघतो."

"मग ऱ्हायलं," म्हातारा म्हणाला आणि तिसऱ्यांदा तेल ओतू लागला.

तिसऱ्या वेळीही तेच. दोनतीनदा पटापट पाय मारला की पेडल कडक व्हायचं, थांबलं की पुन्हा मऊ. बबनराव हात पुसत उभे राहिले. "साहेब, गाडी न्हेऊ नका. माझं समाधान न्हाई."

गणराजने घड्याळ बघितलं. सगळं पार्किंग सकाळपासून बघत होतं, आणि संध्याकाळी सगळे विचारणार होते, कशी झाली गाडी? "पंप करत करत नेतो," तो म्हणाला. "समोर तर जायचंय."

समोरच तर जायचं होतं. गेटमधून आत आलं की थोडा उतार आहे. उताराच्या पायथ्याशी शाळेची व्हॅन उभी होती आणि मुलं उतरत होती. गणराजने ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, खालीच गेला, जसा चिखलात जातो. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी घासत गेली आणि व्हॅनच्या मागच्या पायरीला टेकून थांबली. पायरीपासून दोन हातांवर एक मुलगी पाण्याची बाटली छातीशी धरून उभी होती. कुणाला खरचटलंही नाही. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

घाबरल्यावर काही माणसं गप्प बसतात. गणराज ओरडला. गाडी तिथेच सोडून तो रस्ता ओलांडून गेला आणि गॅरेजच्या तोंडाशी उभा राहून, व्हॅनवाला, वॉचमन, मुलांच्या आया सगळे ऐकत असताना म्हणाला, "तुला साधी हवा काढता येत नाही आणि गॅरेज घालून बसलायस? म्हणे चाक काढून बघतो! नाचता येईना, अंगण वाकडं! पोरं मारली असतीस आज तू!"

अठरा वर्षांनी मोठ्या माणसाला तो तू म्हणाला. बबनरावांच्या हातात फडकं होतं, ते त्यांनी खांद्यावर टाकलं. "साहेब," ते म्हणाले, "पोरं घाबरल्यात. आधी गाडी बाजूला घ्या."

दुपारी गणराजने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'समोरच्या गॅरेजला कुणीही गाडी देऊ नये. माझ्या एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.' खाली अंगठ्यांची रांग लागली. आयांनी व्हॅनवाल्यांना बजावलं, आणि पिंटू व धनेश हे दोघे व्हॅनवाले शनिवारपासून वाकडच्या गॅरेजला जाऊ लागले. पुढच्या आठवड्यात निरंजननी लिहिलं की बबनरावांना सोसायटीत प्रवेश बंद करण्याचा ठराव येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये मांडू, आणि बिराजदार सरांनी त्यावर दोन शब्द बोलावेत.

मंगळवारी, पहिल्या शिफ्टला, चहाच्या सुट्टीआधी सोजराबाईंनी त्याला हाक मारली. सोजराबाई कंत्राटी कामगार, लाइनच्या टोकाला दोन ब्रश घेऊन उभ्या असत. हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा. दिवसभर ठिपके लावायच्या.

"भाऊ, एक इचारू का? हसू नका पण."

"विचारा ना, सोजराताई."

"रोज ठिपका लावते मी. पण रंगाचा डबा संपला, तर डावं कुठलं नि उजवं कुठलं, ते वळखायचं कसं?"

गणराज हसला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला की त्याची छाती जरा रुंद व्हायची. त्याने ट्रेमधला एक कॅलिपर उचलला आणि चाकावर बसतो तसा हवेत धरला. "सोपं आहे. हा बारका नट बघा. ह्याला निपल म्हणतात. ह्यातून आतली हवा निघते. हवा नेहमी वर चढते ना? म्हणून हा निपल कायम वरच्या बाजूला पाहिजे. ह्या बाजूचा त्या बाजूला लावला, तर बसतो व्यवस्थित, बोल्ट पण लागतात, पण निपल जातो खाली. मग कितीही तेल ओता, हवा काही..."

तो थांबला.

"हवा काय?" सोजराबाई म्हणाल्या.

"हवा आतच राहते."

"असं व्हय." त्यांनी ब्रश पिवळ्यात बुडवला. "म्हंजी ठिपका चुकला, तरी डोळ्यांना कळतंयच की."

गणराजने कॅलिपर ट्रेमध्ये ठेवला. ती भंगारातली जोडी त्याच्या कंपनीची नव्हतीच. दुसऱ्या कंपनीत हिरवा उजवा असेल, कुणी सांगावं? त्याने विचारच केला नव्हता. एकोणीस वर्षं रोज अकराशे कॅलिपर त्याच्या नजरेखालून गेले, आणि गाडीखाली झोपून स्वतःच्या हाताने बसवताना त्याने कॅलिपर बघितलाच नाही, ठिपका बघितला.

कंपनीच्या बसमधून उतरला तो घरी न जाता सरळ पार्किंगमध्ये गेला. कोपऱ्यात गाडी तशीच उभी होती. स्टिअरिंग वळवून, मोबाइलचा टॉर्च लावून त्याने चाकाआड डोकं घातलं. निपल खाली होता. दुसऱ्या बाजूलाही खाली. दोन्हीकडे बबनरावांच्या हातचं तेल ओघळून वाळलं होतं. तीन वेळा त्या म्हाताऱ्याने वाकून, कंबर धरून, चाकाआड हात घालून नुसतं चाचपत, जी हवा निघूच शकत नव्हती ती काढायचा प्रयत्न केला होता.

त्या क्षणी तो रस्ता ओलांडून गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. शेड समोर दिसत होती. पण शेडकडे बघितल्यावर त्याला वाटलं, बबनराव आत्ताच हसतील, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पुनावळ्याला कळेल की ब्रेकवाल्याला डावं-उजवं कळत नाही. त्याने टॉर्च बंद केला. येताजाता बबनरावांची नजर चुकवायला तो बुधवारी मागच्या गेटने कंपनीच्या बसकडे गेला.

गुरुवारी त्याने पुन्हा जॅक लावला. दीपमालाला सांगितलं, "जरा पेडलवर बसशील का? मी म्हणेन तसं दाबायचं." ती ओढणी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. बसायच्या आधी तासभर ती डबा भरता भरता, कपडे वाळत घालता घालता चारदा खाली येऊन गेली होती, आणि डावीकडचा कॅलिपर उजवीकडे कसा गेला ते तिने बघितलं होतं.

"दाब. सोड. दाब. धर, धरून ठेव." निपलमधून तेलाबरोबर बुडबुडे आले, फसफसून आले, आणि मग नुसतं तेल. पेडल दगडासारखं कडक झालं. गणराजने एक फेरी मारली. गाडी जागच्या जागी थांबली.

तोवर पार्किंगमध्ये तीनचार जण जमले होते. निरंजनही होते. "झालं? वा! म्हणजे शेवटी तुम्हालाच करावं लागलं, सर."

"मी म्हटलंच होतं," दुसरा कुणी म्हणाला, "त्या बबनरावला काय कळतंय? जुन्या जीपवर शिकलेला माणूस."

"रविवारी हेच सांगा सर. एकदम मुद्देसूद."

गणराज फडक्याने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. 'नाही' हा एवढासा शब्द. तो काही त्याच्या तोंडातून निघाला नाही. कुणीतरी पाठ थोपटली. तो हसला. हसताना त्याची नजर दीपमालाकडे गेली. ती गाडीतून उतरत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

घरी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "डावीकडचं उजवीकडे लावलंत."

त्याने पेपर उघडून समोर धरला.

"मी बी.ए. इतिहासात केलंय, ब्रेकमध्ये नाही. पण डावा हात कळतो मला."

"दुसऱ्या कंपनीचे ठिपके वेगळे होते," तो म्हणाला. "कुणाचीही चूक झाली असती."

"झाली असती. पण तुमची झाली. आणि बोलणी त्यांनी खाल्ली."

"रविवारचं होऊन जाऊ दे. मग मी हळूच जाऊन भेटतो त्यांना. समजावतो."

दीपमालाने लसणीची सालं गोळा केली. "शिव्या गेटवर दिल्यात, आणि माफी कोपऱ्यात मागणार?"

ती रागावली नाही. रोज तव्यावरची भाकरी ती सरळ त्याच्या ताटात टाकायची, वाफेसकट. त्या दिवशी तिने भाकऱ्या दुरडीत ठेवल्या आणि दुरडी मधोमध ठेवली. गणराजने स्वतःच्या हाताने भाकरी उचलून घेतली. तिचा घास त्याला लवकर गिळेना. शुक्रवारी तसंच, शनिवारी तसंच.

रविवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाण्याचे टँकर, लिफ्टचं मेंटेनन्स, कुणाच्या तरी कुत्र्याची तक्रार. मग निरंजननी कागद उचलला. "मुद्दा चार. समोरच्या गॅरेजवाल्यांना प्रवेशबंदी. याबद्दल आपले ब्रेकवाले बिराजदार सर दोन शब्द बोलतील."

गणराज उभा राहिला. बसमध्ये त्याने एक वाक्य तयार केलं होतं, खोटं नाही आणि खरंही नाही असं. ते त्याने म्हटलं. "म्हणजे तो एक टेक्निकल प्रॉब्लेम होता. कॅलिपरच्या ओरिएंटेशनचा. तो आता सॉल्व्ह झालेला आहे."

"बघा," मागून कुणी म्हणालं, "आणि त्या माणसाला तो कळलाच नाही!"

लोक माना डोलवू लागले. निरंजननी पेनचं टोपण काढलं. गणराजला दिसलं की वाक्य संपलं, आणि आता तो खाली बसला की झालं. बायकांच्या बाजूला दीपमाला बसली होती, मांडीवर हात ठेवून. आणि तिच्यामागे दोन खुर्च्या सोडून ती बाटलीवाली मुलगी आईच्या मांडीला टेकून उभी होती.

"थांबा," तो म्हणाला. "लिहू नका. कॅलिपर मी उलटे लावले होते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. तसे लावले की त्यातून हवा निघतच नाही. कुणीही काढली तरी. बबनरावांची काही चूक नव्हती."

मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "मग कंपनीत तुम्ही तपासता काय हो?"

हशा पिकला. मोठा, मनमोकळा. गणराजही हसला असता, तर तिथे सगळं वाहून गेलं असतं, सगळ्यांनाच तसं हवं होतं.

"ठिपके," तो म्हणाला. "रंगाचे ठिपके तपासतो."

पुन्हा हसले. निरंजन म्हणाले, "चला, होतं असं. मोठ्या मनाने सांगितलंत, थँक्यू सर. मुद्दा पाच..."

"अजून एक आहे," गणराज म्हणाला. आता त्याचा आवाज गावाकडचा झाला होता, त्याच्या लक्षातही नव्हतं. "त्यांनी मला चाक काढून बघू द्या म्हटलं, मी हात लावू दिला नाही. आणि गाडी नेऊ नका म्हणून सांगितलं होतं त्यांनी. समाधान नाही म्हणाले. तरी मी नेली. लेकरं उतरायलेली मला समोरून दिसलालती. तरी मी नेली."

या वेळी कुणी हसलं नाही. त्या मुलीची आई उठली. ती काहीतरी बोलेल म्हणून गणराज तिच्याकडे बघत राहिला. तिने मुलीचा हात धरला, रांगेतून वाट काढत दारापर्यंत गेली आणि न बोलता निघून गेली. त्याने आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, सुपरवायझरची, घरमालकाची. त्यातलं एकही त्याला इतकं लागलं नव्हतं.

ठराव मागे घेतला गेला. टाळ्या वाजल्या नाहीत, वाजायला नकोच होत्या. लिफ्टमध्ये शेजारी दोघं होते, ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

सोमवारी त्याची दुसरी शिफ्ट होती. सकाळी सातला तो रस्ता ओलांडून गेला. बबनराव उकिडवे बसून एका स्कूटरचं चाक लावत होते.

"बबनराव, काल मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर..."

"कळलं. वॉचमननं सांगितलं." त्यांनी वर बघितलं नाही. "बसा."

बसायला उलटा ठेवलेला तेलाचा डबा होता. गणराज बसला नाही. "माझं चुकलं. तुमच्या वयाच्या माणसाला मी तू म्हणालो..."

"ते इसरलो, असं म्हणणार न्हाई मी, साहेब." बबनरावांनी पाना बाजूला ठेवला. "माझी सून डबा घिऊन आलती तवा. हितंच उभी व्हती. घरी जाऊन तिनं कुणाला सांगितलं न्हाई. पर तवापास्नं ती माझ्याशी लई जपून बोलती. आजाऱ्याशी बोलत्यात तसं."

गणराज त्या डब्यावर टेकला.

"आन् एक सांगतो," म्हातारा पुढे म्हणाला. "उलटं बसलंय ते मला बी कळलं नव्हतं. मी काय देव न्हाई. पर चाक काढलं असतं, तर कळलं असतं. तुमी हातच लावू दिला न्हाई."

"काय करू मी आता? सांगा."

"मी काय सांगू?" त्यांनी फडक्याने कपाळ पुसलं. "तुमची मिटिंग सोसायटीत झाली. ते पिंटू नि धनेश ऱ्हात्यात रावेतला. त्यांला कुठनं कळणार? मी सांगाय गेलो, तर म्हणतील, म्हातारा धंद्यासाठी बोलतोय." मग पुन्हा पाना उचलून, स्कूटरशी बोलावं तसं म्हणाले, "सात ईसला येत्यात गाड्या."

सात वीसला दोन्ही व्हॅन गेटसमोर लागल्या. गणवेशातली मुलं, दप्तरं, वेण्या, डबे विसरलेल्या आयांची पळापळ. गणराज घरच्या कपड्यांत, पायात स्लिपर, पिंटूच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"काय ब्रेकवाले साहेब!" पिंटू म्हणाला. "आज इकडं कुठं? सोडू का शाळेत?"

दोनतीन आया हसल्या. गणराजने सांगायला सुरुवात केली. ठिपक्यांचं सांगितलं, उलट्या कॅलिपरचं सांगितलं, बबनराव नेऊ नका म्हणाले होते तेही सांगितलं. "त्यांचा काही दोष नाही. तुम्ही गाड्या परत त्यांच्याकडे द्या. दिल्या पाहिजेत असं नाही, पण माझ्यामुळे बंद करू नका."

पिंटूने आधी डोळे बारीक केले. मग स्टिअरिंगवर थाप मारून असा हसला की मागची मुलंही हसायला लागली. "अरे तिच्या! डावं उजवीकडं? साहेब, तुम्ही? राव, आमची पोरगी चपला घालते तसं झालं की हे!" त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागच्या व्हॅनला हाक मारली. "धन्या! ए धन्या, उतर खाली! साहेब काय सांगतायत ऐक! साहेब, त्याला सांगा. पहिल्यापास्नं सांगा, मजा येती."

धनेश व्हॅनमधून उतरला आणि चावी फिरवत आला. त्याच्यामागून दोन आया आल्या, वॉचमनही खुर्ची सोडून आला. रस्त्यापलीकडे बबनराव स्कूटरवर वाकले होते. पाठ इकडेच होती, पण पाना फिरायचा थांबला होता.

पिंटूला सांगताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळली, हे गणराजला ठाऊक होतं. तो धनेशला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. आता आवाज जरा मोठा होता, आणि आपण त्या माणसाला अरेतुरे केलं होतं, तेही त्याने सांगितलं.